बरडीच्या तुकड्यावर ऑरगॅनिक व्हाइट वाइन: नागपूरच्या शेतकरी कुटुंबासाठी खड्ड्यापासून बाटलीपर्यंत

नागपूर संत्र्याचा जिल्हा आहे, द्राक्षाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाशिकमध्ये जमते म्हणजे इथं पण तसंच्या तसं जमेल असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका बाप्पा. दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, नाशिक २० वर, नागपूर २१ वर, पण नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आणि आपण ३१० वर, आणि तेवढ्या फरकानं सगळा उन्हाळा बदलतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास, वरून फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट.

मग करायचं कशाला? तर आपला हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत रात्री १०-१२ अंश, कधी त्याच्याही खाली, हवा कोरडी, दिवसभर स्वच्छ ऊन. पांढऱ्या द्राक्षात आंबटपणा टिकायला अशाच रात्री लागतात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे जमीन, जिच्याबद्दल खाली जास्त लिहिलं आहे कारण मला सगळ्यात जास्त तीच महत्त्वाची वाटते.

आमच्या घरी संत्र्याची बाग आहे, तिच्या वरच्या अंगाला बरडीचा, म्हणजे हलक्या मुरमाड जमिनीचा तुकडा, आणि घरात द्राक्षाचं वेड मला आणि काकांना. हा लेख अशाच कुटुंबांसाठी आहे ज्यांच्याकडे दोन-चार एकर, स्वतःची विहीर आणि घरातले तीन-चार हात आहेत. माझं म्हणणं एकच आहे: जमिनीची चव वाइनमध्ये पाहिजे असेल तर तुकडे शेवटपर्यंत वेगळे ठेवा. खड्डा वेगळा, वेली वेगळ्या, तोडणी वेगळी, टाकी वेगळी. एकत्र करणं कधीही जमते, एकदा एकत्र केलेलं वेगळं करता येत नाही.

पहिलं काम: जमीन वाचा, व्हरायटी नंतर

जिल्ह्याचा नकाशा डोळ्यापुढे आणा. पश्चिमेला हिंगणा, कळमेश्वर, काटोल, नरखेड हा पट्टा दख्खनच्या बेसाल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, सीताबर्डीची टेकडी पण त्याचीच. शहराच्या पूर्वेला फार जुने नाइस खडक लागतात. कामठीकडे वालुकाश्म, त्याला भूगर्भशास्त्रात नावच कामठीचं आहे. आणि रामटेक, मनसर, देवलापारकडे क्वार्ट्झाइट, संगमरवर, मँगनीज. एका जिल्ह्यात इतके वेगवेगळे खडक असणं ही द्राक्षवाल्यासाठी मोठी श्रीमंती आहे.

एक गैरसमज मात्र काढून टाका. खडकाची चव मुळांतून वर चढून वाइनमध्ये उतरत नाही. खडक ठरवतो की माती किती खोल, पाणी किती वेळ धरून ठेवते, जमीन लवकर तापते की उशिरा, आणि त्यावरून वेल किती माजते, मणी केवढा होतो, कधी पिकतो हे ठरते. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठी एकच शेनिन ब्लां द्राक्ष सावेनिएरला शिस्ट खडकावर आहे आणि वूव्रेला चुनखडकावर, आणि दोन्ही वाइन एका टेबलावर ठेवल्या तर नवख्या माणसालाही फरक कळतो. टेरॉय टेरॉय म्हणतात ते हेच, जमीन, हवा, उतार आणि तिथल्या माणसाची पद्धत मिळून जे होते ते.

आता आपल्या शेतात. गावातले जुने लोक जमिनीला कन्हार, मोरंड, खरडी, बरडी म्हणतात ना, ती वर्गवारी फार कामाची आहे, आधी आजोबांना नाहीतर शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना घेऊन शेतात फिरा. कन्हार म्हणजे खोल काळी चिकण, ती सोडून द्या. पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात आणि भेग पडताना बारीक मुळं तुटतात, शिवाय पाणी साचते. संत्र्याला तिथं डिंक्या येतो हे आपल्याला माहीतच आहे, द्राक्षाची मुळंही पाणी साचलेलं सहन करत नाहीत. मोरंड मध्यम, चालते. खरडी आणि बरडी, जिथं फूट-दीड फूट मातीखाली मुरूम लागतो, कापूस रडतो, तूर अर्धवट येते, ती जागा बघा.

मग खड्डे. एप्रिल-मेमध्ये जेसीबी गावात असतोच, प्रत्येक तुकड्यात एक चार फूट खोल खड्डा घ्या आणि आत उतरा. वरून किती बोटांवर रंग बदलतो, मुरूम कुठं सुरू होतो, पांढरे चुनखडीचे गोटे आहेत का, जुन्या झाडांची मुळं कुठपर्यंत गेली. थोडं सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड टाकून बघा, फसफसलं तर मुक्त चुना आहे. त्यानंतर खड्ड्यात एक फूट पाणी भरा, जिरू द्या, परत भरा, आणि दुसऱ्यांदा भरलेलं पाणी २४ तासांत उतरलं नाही तर त्या जागेवर द्राक्ष लावू नका, कितीही आवडती जागा असली तरी.

मातीचे नमुने वर-खाली दोन थरांचे वेगळे काढा आणि तपासताना पीएच, ईसी (म्हणजे क्षार किती ते), मुक्त चुना आणि पोटॅश हे चार तरी बघाच. पोटॅशवर जोर देतो कारण इथं फार लोक दुर्लक्ष करतात. काळ्या जमिनीत पोटॅश मुळात भरपूर, आणि वेलीनं जास्त उचलला की रसाचा पीएच वाढतो म्हणजे आंबटपणा उतरतो, वाइन सपाट लागते आणि टिकवायला सल्फाइट पण जास्त घालावं लागते. टेबल द्राक्षवाले पोटॅश देतात तसा आपण द्यायचा नाही.

नागपूरला या बाबतीत एक मोठी सोय आहे, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोचं मुख्यालयच अमरावती रोडवर आहे, त्यांचे माती नकाशे बघा, आपलं गाव कोणत्या प्रकारात येते ते समजून घ्या. द्राक्षासाठी मात्र सल्ला पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा घ्या.

पाणी

यावर थोडक्यात. विहिरीचं, बोअरचं पाणी तपासा, ईसी १ च्या खाली पाहिजे, त्याच्या वर गेलं की द्राक्षाला खारेपणा बाधायला लागतो. ड्रिप प्रत्येक तुकड्याला वेगळ्या व्हॉल्वचं टाका, कारण बरडीला दोन दिवसांनी लागते तेव्हा मोरंडला आठ दिवस लागत नाही. संत्र्याच्या लाइनवरून टी काढून द्राक्षाला पाणी देऊ नका, दोन्हीचा ताण वेगवेगळ्या वेळी असतो.

ऑरगॅनिकचे कागद लावणीच्या आधीच

लोक बाग उभी झाल्यावर सर्टिफिकेटच्या मागं लागतात आणि मग वर्षं जातात. बहुवर्षायू पिकाला रूपांतराचा काळ साधारण ३ वर्षांचा धरला जातो, आणि द्राक्षाला पहिली धड तोडणी यायलाही तेवढाच वेळ लागतो, म्हणून लावणीच्या आधीच नोंदणी करा म्हणजे दोन्ही घड्याळं सोबत चालतात. रस्ते दोन आहेत. एक एनपीओपी, म्हणजे केंद्राचा ऑरगॅनिक कार्यक्रम, जो शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडाच्या देखरेखीखाली चालतो, खर्चिक आहे पण बाहेर विकायचं असेल तर हाच. दुसरा पीजीएस-इंडिया, ज्यात गावातल्याच शेतकऱ्यांचा गट करून एकमेकांची तपासणी करायची. सुरुवातीला पीजीएस बरा वाटतो पण बाटलीवर ऑरगॅनिक लिहून मोठ्या दुकानात जायचं असेल तर एनपीओपी घेतलेलं चांगलं, आणि एक लक्षात ठेवा, द्राक्ष ऑरगॅनिक असून भागत नाही, वाइनरीची प्रक्रिया पण सर्टिफाय व्हावी लागते.

शेजाऱ्यांचं बघा. गव्हात तण मारायला टू-फोर-डी फवारतात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, आणि नेमका तेव्हाच आपल्या वेलीला फुलोरा असतो. द्राक्ष या औषधाला इतकं नाजूक आहे की वाऱ्यानं आलेल्या थेंबांनीही पानं पंख्यासारखी आकसतात. शेजारच्या भाऊंशी आधी बोलून ठेवा, कोणत्या दिवशी फवारणार ते विचारून घ्या, आणि धुऱ्यावर शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ लावा. स्वतःच्याच संत्र्यावर रासायनिक फवारणी असेल तर तोही पंप, तोही ड्रम वेगळा लागतो, तपासणीवाले हे बघतात.

आणि एक वही. प्रत्येक तुकड्याची वेगळी पानं, काय टाकलं, कधी टाकलं, पाऊस किती, पानं कधी फुटली. ऑरगॅनिकला ही नोंद लागतेच, पण पाच वर्षांनी तीच तुमच्या जमिनीचा खरा अभ्यास होते. आमच्याकडे वही वहिनी लिहिते, कारण ती रोज लिहिते, बाकीचे आठवेल तेव्हा लिहितात.

कोणतं द्राक्ष, कोणत्या खुंटावर

शेनिन ब्लां. पहिली लावणी हीच करा असं मी म्हणेन. उष्णतेत आंबटपणा बऱ्यापैकी धरून ठेवते, महाराष्ट्रात भरपूर लावलेली आहे त्यामुळे काडी मिळते, आणि जमिनीचा फरक दाखवण्यात फार प्रामाणिक आहे. घड घट्ट असतो, मधे हवा खेळत नाही, सड लागू शकते, तेवढं सांभाळा. सोव्हिन्यों ब्लां सगळ्यांना आवडते पण तिचा सुवास गरमीत लवकर उडतो, नागपूरला ती दुसऱ्या टप्प्यात. व्हिओन्ये मुळातच कमी आंबट, इथं नको. कोलंबार्डची काडी मिळाली तर दोन-चार ओळी लावा, गरम प्रदेशात आंबटपणा टिकवण्यासाठीच ती ओळखली जाते.

खुंट म्हणजे खालचं रोप. महाराष्ट्रात डॉगरिज सगळीकडे, पण तो वेलीला फार माज आणतो, वाइनसाठी मला ११०-आर बरा वाटतो, दुष्काळही सोसतो. चुना जास्त असलेल्या जमिनीत १४०-रुजेरी बघा. काहीही करा पण सगळ्या तुकड्यांवर खुंट एकच आणि व्हरायटी एकच ठेवा, नाहीतर चवीतला फरक जमिनीचा की खुंटाचा हे कधीच कळणार नाही.

किती लावायचं? एकूण अर्धा एकर, दोन किंवा तीन तुकड्यांत. ८ बाय ४ फुटांवर एकरी साधारण १३६० वेली बसतात, म्हणजे अर्ध्या एकरात ६८०. वेलीला अडीच-तीन किलो माल धरला तर १७०० ते २००० किलो, किलोला ६०० मिलिच्या थोडा वर रस निघतो, म्हणजे १४०० ते १६५० बाटल्या. कुटुंबाला पहिली काही वर्षं एवढं पुष्कळ झालं. पाच एकराचं कर्ज काढून सुरुवात करणाऱ्याला मी हात जोडून थांबवेन.

लावणी आणि मांडव

खुंटरोपं जानेवारी-फेब्रुवारीत लावतात, आपल्याकडे जानेवारीतच लावा म्हणजे मेपर्यंत मुळं खाली जातात. पहिल्या उन्हाळ्यात रोपाला पश्चिमेकडून तुराट्यांची सावली आणि जाड आच्छादन. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जागेवर कलम भरायचं, यासाठी नाशिककडून कलम बांधणारे कारागीर बोलवावे लागतात, गटानं बोलावलं तर परवडते. पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत रिकट, म्हणजे कलमाची फूट खालून परत कापायची, मग खोड, मग ओलांडा, म्हणजे मांडवावरची आडवी फांदी. घाई करून पहिल्याच वर्षी माल धरू नका.

ओळी उत्तर-दक्षिण. मांडव वाय आकाराचा घ्या म्हणजे घडावर पानांची सावली राहते. थंड देशातले फोटो बघून घडाभोवतीची सगळी पानं काढणारे लोक आहेत, इथं तसं केलं तर पश्चिमेकडचा माल उन्हानं भाजतो. पूर्वेकडची थोडी काढा, सकाळचं ऊन आणि हवा मिळू द्या, पश्चिमेकडची राहू द्या. खोडाला बोर्डो (मोरचूद-चुन्याची) पेस्ट संत्र्याला लावतो तशीच, उन्हापासूनही वाचते.

वर्षाचं चक्र, जिथं सगळा खेळ आहे

आपल्या उष्ण भागात वेल झोपत नाही, म्हणून वर्षात दोन छाटण्या आणि एक पीक. तोडणी झाली की तीन-चार आठवडे विसावा, शेणखत-कंपोस्ट, आणि मार्चच्या उत्तरार्धात खरड छाटणी. नाशिकवाले एप्रिलमध्ये करतात, आपण आधी करायची कारण मेच्या उन्हात ओलांडा उघडा राहिला तर चटका बसतो, तोपर्यंत वर पानांचं छत्र पाहिजे. याच फुटव्यात पुढच्या घडाची निर्मिती होते, त्यामुळे उन्हाळ्यातलं पाणी चुकवू नका.

पावसाळ्यात ओळींमधे ताग किंवा धैंचा पेरून फुलावर यायच्या आत गाडा, पानं विरळ ठेवा. आणि आता सगळ्यात नाजूक निर्णय, फळछाटणी कधी. पाऊस विदर्भातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. लवकर छाटली तर कोवळ्या फुटीवर पाऊस आणि केवडा रोग. उशिरा छाटली तर तोडणी मार्चमध्ये जाते, तेव्हा दुपारी ३६ अंश, आणि गरमीत द्राक्षाला आंबटपणा देणारं मॅलिक अ‍ॅसिड वेल स्वतःच जाळून टाकते. छाटणीपासून तोडणीपर्यंत सव्वाशे ते एकशे तीस दिवस धरा आणि मागं मोजा, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते १० ऑक्टोबर हीच खिडकी. या काळात हवामान खात्याचा अंदाज रोज बघायचा आणि तुकड्यातुकड्याला तीन-चार दिवसांचं अंतर द्यायचं, बरडी आधी कारण तिथं वाफसा लवकर येतो. छाटणीआधी काडी तपासणी करून घ्या म्हणजे घड कितव्या डोळ्यात आहे ते कळते आणि आंधळेपणानं काप पडत नाही.

इथं ऑरगॅनिकची एक खरी अडचण आहे. डोळे एकसारखे फुटावे म्हणून सगळीकडे हायड्रोजन सायनामाइड लावतात, डॉर्मेक्स म्हणून मिळते ते, आणि ऑरगॅनिकमध्ये ते चालत नाही. विषारी पण आहे. त्याच्याऐवजी छाटणीच्या आधी पाणी तोडून ताण द्या, संत्र्याच्या बहाराला देतो तीच समज कामी येते, पानं हातानं उतरवा, आणि कापावर लसणाची पेस्ट लावायची पद्धत आहे, ती करून बघा. फूट थोडी मागंपुढं होईल, त्यासाठी तोडणी दोन वेळा करायची तयारी ठेवा.

रोगांमध्ये पावसाळी केवडा आणि करपा, थंडीत भुरी. केवड्याला बोर्डो मिश्रण, पण मोरचूद म्हणजे तांबं आणि ते जमिनीत साठत जाते. युरोपात हेक्टरी ७ वर्षांत २८ किलोची मर्यादा आहे, आपणही तेवढीच पाळावी असं मला मनापासून वाटते, नाहीतर ज्या मातीसाठी हे सगळं चाललं आहे तीच खराब करून बसू. भुरीला गंधक, ३५ अंशाच्या वर मारू नका, पानं जळतात. आणि तोडणीच्या किमान महिनाभर आधी गंधक बंद, कारण उरलेलं गंधक टाकीत गेलं की सडक्या अंड्याचा वास येतो. सोव्हिन्यों लावली असेल तर शेवटी तांबंही नको, तिचा जो फळाचा सुवास असतो त्याला तांबं मारून टाकते. पिठ्या ढेकणाला मुंग्या आवरा, साल खरवडा, निंबोळी अर्क मारा. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी शेणखतातून द्या.

जानेवारीत मण्यात पाणी उतरायला लागलं की जाळी टाका, गारेसाठी आणि पोपट-बुलबुलांसाठी एकच जाळी चालते. रामटेक-काटोलच्या जंगलाकडे रोही (नीलगाय) आणि रानडुकरं आहेत, तिथं कुंपणाचा खर्च आधीच धरा.

तोडणीचा दिवस

रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजायचं यंत्र) आणि पीएच मीटर घ्याच, बाकी काही नसलं तरी. प्रत्येक तुकड्यातून दोन्ही बाजूंचे, वरचे-खालचे मिळून शंभर-दोनशे मणी गोळा करा, चिरडा, रस मोजा. २१ ते २२.५ ब्रिक्स, पीएच ३.४ च्या आत, आम्लता लिटरला साडेसहा-सात ग्रॅम, असं जुळलं की तोडा. २२ ब्रिक्सला साडेबारा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल येते, पांढऱ्या वाइनला पुरेसं. अजून गोडी चढू दे म्हणून थांबणाऱ्यांचा आंबटपणा जातो आणि तो परत येत नाही. आकड्यांसोबत मणी चावूनही बघा, बी तपकिरी झाली पाहिजे, सालीत हिरवट तुरटपणा नको.

तोडणी पहाटे, डोक्याला टॉर्च बांधून, आठच्या आत संपवा. लहान क्रेट, १० किलोच्या आसपासचे, खालचा माल दबला नाही पाहिजे. प्रत्येक तुकड्याच्या क्रेटला वेगळ्या रंगाची चिठ्ठी.

परवाना

हे गंभीरपणे वाचा. महाराष्ट्रात परवाना नसताना वाइन आंबवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, घरच्या शेतातली असली तरी, प्रयोग म्हणून असली तरी. वाइनरीचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो, शिवाय अन्न सुरक्षेचा म्हणजे एफएसएसएआयचा, शेतावर चाखायला द्यायची तर त्याचाही वेगळा. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून राज्यानं वाइनला सवलती दिल्या आहेत, आज काय लागू आहे ते विभागात जाऊन विचारा.

स्वतःची वाइनरी होईपर्यंत परवाना असलेल्या वाइनरीशी करार करून आपली द्राक्षं तिथं वेगळी गाळून घेणं हाच सरळ रस्ता. नाशिकपर्यंत माल न्यायचा तर पहाटे तोडा, दिवसभर कोल्ड रूममध्ये ८-१० अंशावर आणा, आणि रात्री रीफर म्हणजे थंड गाडीनं समृद्धी महामार्गावरून पाठवा. करारात स्पष्ट लिहून घ्या की तुकडे वेगळ्या टाक्यांत राहतील. वाइनरीला तोंडी सांगितलेलं हंगामाच्या गर्दीत राहून जाते.

टाकीतलं काम

आख्खे घडच प्रेसमध्ये घाला, हळू दाबा. शेवटचा जोर लावून निघालेला रस तुरट असतो, तो वेगळा ठेवा. प्रेस होतानाच लिटरला ३०-४० मिलिग्रॅम सल्फाइट, मग १० अंशावर रात्रभर निवू द्या, वरचा स्वच्छ रस टाकीत.

आंबवण बाजारच्या यीस्टनं करायची की बागेतल्या? जमिनीची ओळख पाहिजे तर बागेतली, पण भरवशावर सोडून नाही. तोडणीच्या चार-पाच दिवस आधी प्रत्येक तुकड्यातली थोडी निरोगी द्राक्षं तोडून चिरडून वेगळ्या भांड्यात आंबवायला ठेवायची, वास स्वच्छ आला, जोरात उकळी फुटली की तेच विरजण मोठ्या टाकीला लावायचं. वास बिघडला तर फेकून द्या आणि तटस्थ यीस्ट वापरा. पूर्ण टाकी खराब करण्यापेक्षा ते बरं.

तापमान १४ ते १७ अंश. फेब्रुवारीत नागपूरची दुपार ३१-३२ असते आणि आंबताना रस स्वतःही तापतो, त्यामुळे जॅकेटवाली (बाहेरून थंड पाणी फिरवायची सोय असलेली) टाकी आणि चिलर यात काटकसर नाही. दिवसातून दोनदा ब्रिक्स आणि तापमान, तुकड्याच्या वहीत. मधेच थांबल्यासारखं झालं तर बहुतेक वेळा नायट्रोजन कमी असतो, यीस्टला काय खाद्य देता येते ते सर्टिफिकेशनवाल्यांकडून आधीच लिहून घ्या. साखर पूर्ण उतरली की थंड करा, मोठा गाळ काढा, बारीक गाळावर तीन-चार महिने ठेवा, आठवड्यातून एकदा हलवा, त्यानं तोंडात भरीवपणा येतो. ओकचं पिंप आणि मॅलोलॅक्टिक (बॅक्टेरियाकडून आंबटपणा मऊ करून घेणारी दुसरी आंबवण) दोन्ही टाळा. एक म्हणजे आंबटपणा आपल्याकडे आधीच मोजका, आणि दुसरं म्हणजे लाकडाच्या वासाखाली तीन तुकड्यांचा फरक झाकून जातो.

टाक्या पाचशे लिटरच्या, तरंगत्या झाकणाच्या घ्या. अर्धी रिकामी टाकी म्हणजे हवा, हवा म्हणजे तपकिरी रंग.

सल्फाइटचं गणित पीएचवर आहे. ३.३ ला मोकळा सल्फाइट २६-३० मिलिग्रॅम पुरतो, ३.६ ला ५० च्या आसपास लागतो. सुरुवातीला पोटॅशबद्दल एवढं बोललो ते यासाठी. युरोपच्या ऑरगॅनिक नियमात कोरड्या पांढऱ्या वाइनला एकूण १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, नीट पिकवलेल्या द्राक्षाला त्याच्या निम्म्यातही भागते.

बाटली, साठवण, विक्री

बाटल्या सरळ ऑगस्टमध्ये भरा, मेच्या उन्हात हे काम काढू नका. साठवण १२ ते १६ अंशाला, पफ पॅनलची (उष्णता अडवणाऱ्या भिंतींची) खोली आणि जनरेटर. उन्हाळ्यात माल पाठवायचा तर रात्रीच, दुपारी टेम्पोत दोन तास राहिलेली पेटी पुढं कितीही थंड केली तरी गेलेली असते. एक व्यवहाराची गोष्ट, बुटीबोरीच्या पुढं वर्धा जिल्हा लागतो आणि तो दारूबंदीचा आहे, गडचिरोलीही तसाच, तेव्हा गाडीवाल्याला रस्ता समजावून द्या.

पाहुण्यांना कोरडी शेनिन पुडाच्या वडीसोबत द्या, सांबार (कोथिंबीर) आणि खसखशीला ती फार छान जुळते. सावजी रश्श्यासोबत देऊ नका, तिखटापुढं वाइन कडू लागते.

आणि तुकड्यांची परीक्षा. बाटली भरल्यावर सहा महिन्यांनी तिन्ही तुकड्यांच्या बाटल्यांना खाकी कागद गुंडाळा, नंबर टाका, घरातले आणि बाहेरचे दोन-चार जाणकार बसवा, सगळ्यांनी न बोलता आपापलं लिहायचं. नंतर वही काढून जुळवा, कुठला तुकडा कधी छाटला, पीएच किती होता. हे दरवर्षी करा, एका हंगामावर निकाल देऊ नका, कारण पावसाचा फरक जमिनीच्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. तीन-चार हंगामांनंतरही लोकांना तिन्ही सारख्याच लागल्या तर बिनधास्त एकत्र करून एकच लेबल काढा आणि लेबलवर जमिनीच्या गोष्टी लिहू नका. पण एखादा तुकडा दरवर्षी वेगळा उठून येत असेल, तर त्याच जातीची जमीन शेतात अजून कुठं आहे ते खड्डे घेऊन शोधा, त्या तुकड्यातल्या उत्तम वेलींना रंगाच्या फिती बांधून ठेवा, आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये कलम भरताना काडी त्याच वेलींची वापरा.